अण्णांचा वस्तरा

अण्णांचा वस्तरा गेला कुठं, हे आमच्या घरात कित्येक वर्षं कुणी विचारलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ कुणाकडं, पानाचा डबा कुणाकडं, ज्ञानेश्वरीची जुनी पोथी कुणाकडं, हे सगळ्या भावंडांना पाठ होतं. वस्तरा मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हता. मोठी आत्या गेल्यावर तिच्या सुनेनं शिवणाचं सामान आवरायला काढलं. बॉबिन, खडू, मोडक्या कात्र्या, हुकांची पाकिटं आणि सगळ्यांच्या तळाशी तो. तिनं फोटो काढून भावंडांच्या गटावर टाकला आणि खाली विचारलं, "हे भंगारात देऊ का?" त्या रात्री आम्ही चुलत, आते, मामे सगळे मिळून जेवढं बोललो, तेवढं अलीकडं कुणाच्या लग्नकार्यातही बोललो नव्हतो.

आजोबांना सगळं घर अण्णा म्हणायचं. वाडा साताऱ्याकडचा. आमची पिढी म्हणजे 1950 च्या आसपास आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत त्या घरात जन्मलेली, किंवा मे महिन्यात तिथं येऊन पडणारी पोरं. अण्णांची दाढी हा आमच्यासाठी रोजचा कार्यक्रम होता. ओसरीवर पूर्वेकडं तोंड करून ते पाटावर बसत. समोर खांबाला टेकवलेला आरसा, पितळी वाटीत बंबातलं गरम पाणी, साबणाची गोल वडी, केस झडलेला ब्रश, तुरटीचा खडा. खुंटीला चामड्याचा पट्टा टांगलेला असे. डाव्या हातानं तो ताणून धरायचा आणि उजव्या हातानं वस्तरा त्यावर फिरवायचा. पाठ पुढं, धार मागं. टोकाशी पोचल्यावर पातं पाठीवरच उलटवायचं आणि परत यायचं. धारेवर उलटवलं तर पट्टा कापला जातो आणि धारही बसते. अण्णांचा हात त्यात कधी चुकलेला कुणाला आठवत नाही.

त्या आवाजाबद्दल आमच्यात एकमत नाही. पुण्याचा दादा म्हणतो, चटक-चटक असा कोरडा आवाज यायचा. नागपूरची ताई म्हणते, छे, तो लांब सुस्काऱ्यासारखा होता, पट्ट्याच्या शेवटी फक्त टक् व्हायचं. माझ्या मते दोघांचंही खरं आहे, कारण पट्ट्याला दोन पदर होते, एक जाड कापडाचा आणि एक चामड्याचा. आधी कापडावर, मग चामड्यावर. दादा लवकर उठायचा, ताई उशिरा.

वस्तरा उघडा आहे तोवर ओसरीवरून कुणी पळायचं नाही, हा नियम होता. आम्ही उंबऱ्याच्या आत ओळीनं बसून बघत असू. दोन बोटांनी नाक वर उचलणं, गालाच्या आतून जीभ लावून कातडी फुगवणं, हनुवटीखालचा भाग करताना मान आढ्याकडं टाकून डोळे मिटल्यासारखे करणं, हे सगळं आमच्यातल्या प्रत्येक मुलानं पुढं आरशासमोर जसंच्या तसं केलं आहे. हातात वस्तरा नव्हता, एवढाच फरक. दाढी झाली की पातं कापसाच्या बोळ्यानं पुसून कोरडं करायचं, तेलाचं बोट फिरवायचं, मिटायचं, पत्र्याच्या डबीत ठेवायचं. मग तुरटी गालावरून फिरे.

सोमवारी नाही, शनिवारी नाही, एकादशीला नाही, अमावास्येला नाही. पितृपक्षात तर पंधरवडाभर वस्तरा डबीतच. वाड्यात बारमाही राहणारी भावंडं सांगतात, अण्णांच्या गालाचा पापा घेताना टोचायला लागलं की महालय सुरू झाला हे पंचांगाशिवाय कळायचं.

अण्णा तरुणपणी मुंबईत नोकरीला होते, गिरगावात खोली होती. वस्तरा तिथल्याच कुठल्याशा दुकानातून घेतला, असं थोरले काका सांगत. पात्याच्या शेपटीकडच्या जाड भागावर शिक्का आहे. कारखान्याची खूण घासून गेली आहे, पण सोलिंगेन हे नाव आणि खाली जर्मनी एवढं स्वच्छ वाचता येतं. यावरून बरंच काही कळतं. इंग्लंडनं 1887 साली कायदा करून परदेशी मालावर बनावटीचा देश छापायला लावला आणि अमेरिकेनं 1890 च्या कायद्यानं तेच केलं. म्हणून देशाचं नाव छापलेला वस्तरा बहुतेक वेळा त्यानंतरचाच निघतो. सोलिंगेन हे ऱ्हाईन नदीपासून जवळच असलेलं पात्यांचं गाव. मध्ययुगात तिथं तलवारी होत, पुढं चाकू, कात्र्या, वस्तरे. त्या नावाला इतकी किंमत होती की 1938 मध्ये जर्मनीनं खास कायदा केला. सोलिंगेनच्या हद्दीत न बनलेल्या पात्यावर सोलिंगेन लिहायचं नाही. तो कायदा अजून टिकून आहे, नव्या रूपात.

सोलिंगेनचा जोडीदार आणि प्रतिस्पर्धी म्हणजे इंग्लंडचं शेफील्ड. तिथल्या आसपासच्या बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीनं 1740 च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि एकसारख्या दाण्याचं पोलाद मिळू लागलं. पण मुशीतलं पोलाद आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं, आणि या गोष्टीत मुंबईचाही एक धागा आहे. हेलेनस स्कॉट नावाच्या मुंबईतल्या डॉक्टरनं 1794 च्या सुमारास दक्षिणेकडच्या वुट्झ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडं पाठवले. लंडनचा हत्यारं करणारा जेम्स स्टोडार्ट त्या पोलादाच्या प्रेमात पडला. पुढं त्यानं आणि मायकेल फॅरडेनं मिळून ते पोलाद का चांगलं, याचा छडा लावायला प्रयोग केले, पोलादात चांदी, प्लॅटिनम मिसळून पाहिलं आणि 1820 मध्ये ते छापलं. विजेच्या शोधांसाठी आपण ज्याला शाळेत शिकतो, तोच हा फॅरडे. आपल्या प्रयोगातल्या पोलादाचे वस्तरे त्यानं मित्रांना भेट दिले होते. तेव्हापासून 'सिल्व्हर स्टील' ही अक्षरं शेकडो वस्तऱ्यांवर झळकू लागली, चांदी त्यात असो वा नसो. आमच्या वस्तऱ्यावर ती नाहीत. पण अण्णांच्या गालावरून फिरलेल्या जर्मन पात्यामागं दख्खनच्या भट्ट्यांची ओढ कुठंतरी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

दाढी अण्णा स्वतः करत, पण धार लावत ते बापूराव. गावचे न्हावी. बारा बलुतेदारांतले, म्हणजे आमच्या घरचं त्यांचं बलुतं खळ्यावर ठरलेलं. खांद्याला धोकटी, तीत वस्तरे, कात्री, नराणी, चिमटा, आरसा, वाटी आणि एका फडक्यात गुंडाळलेला निसणा. महिन्या-दोन महिन्यांतून अण्णा आपला वस्तरा त्यांच्या हातात देत. "बापूराव, जरा बघा हो, ओढतोय." बापूराव धारेकडं बघतही नसत. मनगटाच्या केसांवरून हलकेच फिरवत, मग निसण्यावर तेलाचे दोन थेंब टाकून बसत. अखेर वस्तरा आपल्या तळहातावर पट्टा असल्यासारखा चार-सहा वेळा पलटत आणि परत देत. अण्णा मॅट्रिक होते, मुंबई बघितलेले होते, पण त्या पात्याचा कोन कळणारा माणूस घरात नव्हता, ओसरीच्या पायरीवर बसलेला होता. पायरीवरच बसलेला होता, हेही लिहायला हवं. अण्णांच्या शेजारी त्यांना पाट मांडलेला आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही.

आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून बापूरावांचा वस्तरा फिरला आहे. जावळ काढताना आईच्या किंवा मामाच्या मांडीवर, मुंजीत पाटावर. मे महिन्यातल्या मुंजी, तिघातिघांच्या एकदम, पहाटेचं पाणी डोक्यावर, मध्ये शेंडी ठेवून बाकी साफ. नंतर डोक्यावरून हात फिरवताना ती खरखर. शाळा उघडेपर्यंत केस यावेत म्हणून आम्ही नवस बोललेलो आहोत.

आणि वस्तऱ्याची आठवण काढायची तर एक गोष्ट वगळून मला पुढं जाता येणार नाही. अण्णांच्या आत्या आमच्याच घरात राहात. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. आम्ही त्यांना सोवळी आजी म्हणायचो. लग्न झालं तेव्हा किती वर्षांच्या होत्या ते त्यांनाही नीट सांगता येत नसे, आणि नवरा गेला तेव्हा घर कळायचंही वय नव्हतं. बापूराव त्यांच्यासाठी परसदारानं येत. आम्हाला आत कोंडलं जाई. थोरल्या ताईनं खिडकीच्या फटीतून एकदा पाहिलं होतं. गटावर आम्ही सगळे आवाजाबद्दल आणि तुरटीबद्दल बोलत असताना तिनं ते पहिल्यांदा लिहिलं. विहिरीकडं तोंड करून बसलेली म्हातारी, खाली घातलेली मान आणि मानेवरून ओघळणारं पाणी. त्यानंतर गटावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

1890 मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं होतं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यामागं उभे होते. 1893 मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. महाराष्ट्राच्या इतिहासात ही पानं आपण अभिमानानं वाचतो. आमच्या परसदारी मात्र ते वारं पोचायला आणखी सत्तर वर्षं लागली, आणि पोचलं ते सोवळी आजी गेल्यावर. अण्णांनी एकदा त्यांना, आता हे थांबवू या, असं म्हटल्याचं काकू सांगायच्या. त्यावर त्या म्हणाल्या, "आता कशाला रे." थांबवायचं होतं ते त्यांच्या आठव्या-दहाव्या वर्षी.

घरातला वस्तरा अण्णांबरोबरच निवृत्त झाला. वडील आणि काका मंडळी आधीच ब्लेडवर गेलेली होती. किंग कॅम्प जिलेटनं 1903 मध्ये विक्री सुरू केली तेव्हा वर्षभरात अवघे 51 रेझर खपले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं आपल्या सैनिकांना लाखोंनी रेझर वाटले आणि मग जगाच्या गालावरून वस्तरा उतरला. आमच्याकडं सेव्हन ओक्लॉक, पनामा, टोपाझ ही नावं आली. एकेक ब्लेड काचेच्या पेल्यात आतून घासून आठवडा आठवडा चालवत. मग त्याच ब्लेडचा अर्धा तुकडा आमच्या पेन्सिलींना. सलूनमध्ये वस्तरा पुढंही बराच काळ टिकला. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन पातं ही मागणी गावोगाव पोचली. ती रास्तच होती. आज सलूनमध्ये दिसतो तो वस्तऱ्याच्या आकाराचा दांडा, आत अर्धं ब्लेड.

अण्णांच्या वस्तऱ्याला आत्यानं दुसरं आयुष्य दिलं. उसवायला त्याच्यासारखं हत्यार नाही. शिवणीत टोक घातलं की दोरा आपोआप सुटतो. आत्यानं आमच्या सगळ्यांच्या चड्ड्या आणि परकर त्यानं उसवून वाढवले. असं उसवताना कधीतरी पातं लोखंडी हुकावर बसलं आणि धारेला खांड पडली. टोकापासून दीड बोटावर, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी. फोटोत ती दिसतही नव्हती. हातात घेऊन उजेडाकडं धरल्यावर दिसली, आणि तिच्या आजूबाजूला बारीक दातेही.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, म्हणून वस्तरा माझ्याकडं आला. दोघा भावंडांचं म्हणणं होतं, नीट पुसून काचेच्या चौकटीत बसवू. मला ते पटलं नाही. खांड असलेला वस्तरा चौकटीत घालणं म्हणजे बिघडलेल्या स्थितीतच त्याला मानानं कोंडणं. तो पुन्हा दाढी करील असा करायचा, आणि ते झाल्याखेरीज बाकी काही बोलायचं नाही, असं मी त्यांना सांगितलं.

पहिलं काम भिंगाचं. घड्याळजीचं दहापटीचं भिंग लावून खांडीच्या तळाशी बघायचं, तिथून वर पाठीकडं केसासारखी चीर गेली आहे का. चीर असली तर वस्तरा संपला. तो कुणीही वाचवू शकत नाही. चीर नव्हती. मग गंज. लाल गंज जिवंत असतो, पोलाद खात राहतो. काळे डाग बहुतेक मेलेले असतात. लाल तेवढा तेलात भिजवून बारीक पोलादी लोकरीनं काढला, काळे राहू दिले. पात्याच्या तोंडावर सोनेरी नक्षीचा जरासा अंश उरला आहे. तिकडं हात लावला नाही, कारण ते सोनं इतकं पातळ असतं की अंगठ्यानं चोळलं तरी जातं. मोटारीच्या चाकावर पॉलिश करायचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी आत खोल घासलेलं असतं. धारेजवळ ते इतकं पातळ की नखावर हलकेच टेकवलं तर लवतं. अशा पात्याला चाकावर दोन-तीन सेकंदांत इतकी उष्णता लागते की पाणी उतरतं. पोलाद आधी गवती रंगावर जातं, मग निळं पडतं. निळी पडलेली धार पुन्हा धरत नाही. दारावरून सायकलचं चाक फिरवत जाणाऱ्या धारवाल्याकडं विळी द्यावी, कोयता द्यावा. वस्तरा देऊ नये.

खांड भरून येत नाही. तिच्या तळापर्यंत सगळी धार खाली आणावी लागते, एवढाच उपाय आहे. एका ठिकाणचं नुकसान नाहीसं करायला टोकापासून टाचेपर्यंत सगळ्या लांबीचं पोलाद द्यावं लागतं. किती द्यायचं, ते खांड ठरवते. आमच्या पात्याची रुंदी 16 मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेचार. घासताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, म्हणजे कोन माणसाच्या हातावर सोडलेलाच नाही, करणाऱ्यानं तो पात्यातच घालून ठेवला आहे. हिशेब केला तर तो 16 अंशांच्या जरासा वर येतो. धारेचं एक मिलिमीटर गेलं तर कोन सव्वासतरापर्यंत चढतो. तेवढं चालतं. खांड दोन-अडीच मिलिमीटर खोल असती तर मला दहादा विचार करावा लागला असता.

जाड काचेच्या तुकड्यावर चारशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यानं चिकटवला, आणि पातं ब्रेड कापतात तसं उभं धरून धारेवर घासलं. असलेली धार आपल्या हातानं मारायची. ज्यानं कधी हत्याराला धार लावली आहे त्याला हे करताना जीव वर येतो. मधेमधे उजेडाकडं धरून बघायचं. खांड उथळ होत होत जाते, मग फक्त एक काळा ठिपका, मग काही नाही. या वेळी पातं सुरीइतकंही कापत नाही. धारेच्या जागी चकाकणारी एक पांढरी रेघ दिसते, सपाट झालेल्या कडेवरून परतणारा उजेड.

ती रेघ घालवणं हेच खरं काम, आणि सगळा वेळ त्यातच जातो. पाठीवर विजेच्या तारेची चिकटपट्टी लावली, म्हणजे पाठ घासून चपटी होत नाही. हजार नंबरच्या दगडावर पातं आडवं ठेवून, धार पुढं घेत, हात हलका ठेवून फिरवत राहायचं. दगडावर काळं पाणी साठतं, ते पोलाद असतं. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावली की दगड कुठं लागतो आणि कुठं नाही ते कळतं. टाचेकडची शाई जाते, मधली जाते, टोकाकडची राहते. मग टोकाकडं लक्ष. माझा सवयीचा हात दाब द्यायला बघतो. इथं दाब चालत नाही, पातळ धार दाबानं वाकते आणि दगड तिला भलत्याच जागी खातो. पात्याचं स्वतःचं वजन पुरतं. पांढरी रेघ टाचेकडून तुटत तुटत नाहीशी झाली. तेव्हा चार हजार, मग आठ हजारचा दगड. भिंगाखाली ओरखडे बारीक होत जातात, शेवटी उतार आरशासारखा होतो. मुठीच्या शिंगाच्या पट्ट्या वाळून वाकल्या होत्या. शिंग उष्णतेनं मऊ पडतं, म्हणून त्या गरम पाण्यात धरून सरळ केल्या, तेल पाजलं. सैल झालेला पितळी रिव्हेट ओळखीच्या सोनारानं ऐरणीवर छोट्या हातोडीनं बसवून दिला.

अण्णांचा पट्टा कुठं मिळाला नाही. नव्यासाठी चामडं कोल्हापुरातून आणलं, चपला करणाऱ्यांकडून. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं पट्ट्याला उत्तम. क्रोमवर कमावलेलं, रंग मारलेलं गुळगुळीत चामडं घेऊ नये.

त्यानंतर मी वस्तरा घेऊन गावी गेलो. बापूरावांचे चिरंजीव, सगळे त्यांना नाना म्हणतात, आता सत्तरी ओलांडलेले. सलून मुलगा चालवतो, त्याच्या हातात खरा वस्तरा कधी आला नाही. नानांनी चष्मा वर सरकवला, शिक्का वाचला आणि म्हणाले, "हा अण्णांचा." मग पातं मनगटावर फिरवलं, बापूराव फिरवत तसंच. "धार आली आहे दादा. पण कोरी आहे. पट्ट्यावर अजून मारायला पाहिजे." पट्टा मी नेला होता. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि तळहातावर पलटायला लागले. मुलगा हातातलं काम सोडून बघत उभा राहिला. मग नानांनी मला खुर्चीत बसवलं. वस्तरा गालावरून उतरताना बारीक आवाज करतो, कोरडा, गात्या तारेचा. खोल घासलेल्या पात्याचा तो गुण आहे. ब्लेडला तो आवाज नाही. हनुवटीपाशी जरा ओढल्यासारखं वाटलं, बाकी कुठं नाही.

तिथंच बोलता बोलता मी सोवळ्या आजींचा विषय काढला. नाना म्हणाले, "बाबा त्याचं काही घेत नव्हते. ना धान्य, ना पैसा. म्हणायचे, ह्याचं बलुतं नको." हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. गटावर मी ते त्याच संध्याकाळी लिहिलं.

वस्तरा आता नानांच्या नातवाकडं आहे. आमच्यातल्या काहींना हे आवडलं नाही. घराण्याची वस्तू घराबाहेर गेली, असं ते म्हणतात. माझं म्हणणं, त्या वस्तूची धार ज्यांच्या हातानं राहिली, त्यांच्या घरात ती गेली आहे. नातू विशीतला आहे, नाना त्याला पट्ट्यावर हात बसवायला शिकवताहेत, आणि सध्या तो फक्त आजोबांची दाढी करतो. गिऱ्हाइकांवर हा वस्तरा चालवायचा नाही, एवढं मात्र तिघांनीही मान्य केलं आहे.

तुमच्याही घरात, शिवणाच्या डब्यात किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत, असा एखादा वस्तरा असेल. सापडला तर आधी कोरडा करा, तेलाचं बोट लावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. तिथं दमट हवा अडकते आणि गंज वाढतो. मूठ सेल्युलॉइडची असून चिकट किंवा ठिसूळ झाली असेल तर ती काढून टाका, तिच्यातून सुटणारी वाफ पोलाद खाते. चाकावर धरू नका. आणि दगडाला लावण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या, हा कुणाकुणावर चालला, धार कोण लावत होतं. सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.